पाच गिगाहर्ट्झ, पण किती वेळ?

इंटेलचा कोअर आय७-१३५५यू हा प्रोसेसर घ्या. २०२३ साली आलेल्या कितीतरी हलक्या लॅपटॉपमध्ये तो आहे. वेग विचारा, उत्तर येतं ५ गिगाहर्ट्झ. वीज विचारा, उत्तर येतं १५ वॅट. दोन्ही आकडे खरे, पण एका वेळचे नाहीत. ५ गिगाहर्ट्झ हा टर्बोचा वेग. एखाददुसऱ्या कोअरला तो थोडा वेळ मिळतो. १५ वॅट ही बेस पॉवर, आणि तिच्या जोडीला मोठ्या कोअरचा बेस वेग आहे १.७ गिगाहर्ट्झ. टर्बोमध्ये हाच प्रोसेसर ५५ वॅटपर्यंत वीज ओढू शकतो. कंपनीच्या तांत्रिक तक्त्यात हे सगळं आहे. ग्राहकाला मात्र त्यातला सोयीचा वेग आणि सोयीचे वॅट एवढंच ऐकवलं जातं. ही सरळसरळ दिशाभूल आहे.

वीज एवढी का चढते? चिप काम करताना जी वीज खाते ती वेगाच्या पटीत वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढते. आणि वरच्या टप्प्यात वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावंच लागतं. समजा वेग २० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के चढवलं. १.२ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे साधारण १.४५. वेग २० टक्के जास्त, वीज ४५ टक्के जास्त. शेवटचे काहीशे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात ते यामुळे. त्यांची किंमत बॅटरी, पंखा आणि तुमची मांडी भरते.

हा धडा २००४ मध्येच मिळाला होता. पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झला ११५ वॅटवर पोचला. त्याचं ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल इंटेलला रद्द करावं लागलं, आणि प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर सभेत गुडघे टेकून माफी मागितली. दोन वर्षांत कोअर २ ड्युओ आला. त्याचं २.६६ गिगाहर्ट्झचं मॉडेल ६५ वॅटचं होतं, तरी कामात पेंटियम ४ च्या कितीतरी पुढे. प्रोसेसरच्या एका ठोक्यात काम किती होतं, हे सेकंदाला पडणाऱ्या ठोक्यांच्या संख्येइतकंच, म्हणजे गिगाहर्ट्झइतकंच, महत्त्वाचं असतं. एवढं होऊनही २०२४ मध्ये ६.२ गिगाहर्ट्झचा आय९-१४९००केएस बाजारात आला, टर्बोत २५३ वॅटचा. त्याच वर्षी तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे खराब होत असल्याचं इंटेलला मान्य करावं लागलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

तेव्हा खोक्यावर विसंबू नका, स्वतः मोजा. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत साधन प्रत्येक कोअरचा वेग आणि चिपचे वॅट एकाच पडद्यावर दाखवतं. लिनक्सवर टर्बोस्टॅट आहे. एखादा लांबलचक व्हिडिओ एक्स्पोर्टला लावा आणि दहा मिनिटं थांबा. पहिल्या अर्ध्या मिनिटातले आकडे सोडून द्या, तो टर्बोचा बहर असतो. त्यानंतर वेग जिथे स्थिरावतो तो तुमचा खरा वेग, आणि त्या क्षणाचे वॅट ही त्याची खरी किंमत. मग चार्जर काढून हेच पुन्हा करा. काही लॅपटॉपचा वेग बॅटरीवर आणखी उतरतो. एक लक्षात ठेवा, हे वॅट फक्त चिपचे. स्क्रीन, चार्जर धरून एकूण खर्च हवा असेल तर भिंतीच्या प्लगला लावायचा वीजमापक लागेल.

खरेदीला जाल तेव्हा एवढंच विचारा: दहा मिनिटं पूर्ण भार टाकल्यावर वेग किती राहतो आणि वॅट किती लागतात? उत्तर मिळालं नाही, तर केवळ गिगाहर्ट्झच्या आकड्यासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका.