बाटलीतलं व्हिएन्ना

कुवेतमध्ये वाढणाऱ्या मुलांना सावलीचा वास येतो. सालमियातल्या आमच्या इमारतीपासून गाडीपर्यंतची पंधरा पावलं माझी दोघं अशी टाकतात, जणू सावल्या म्हणजे ओढ्यातले दगड आहेत आणि पाय घसरला की बुडालोच. ज्या देशात जुलै 2016मध्ये मित्रिबाला पारा 53.9 अंशांवर गेला आणि जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर काम करायला कायद्यानंच बंदी असते, तिथे ऊन म्हणजे घरातले तापट आजोबा. त्यांच्या वाटेला जायचं नसतं. त्यामुळे व्हिएन्नात पहिल्याच दिवशी हिरवळीवर ऊन खात पहुडलेली माणसं पाहून चार वर्षांचा धाकटा मला बिलगला आणि हळूच म्हणाला, "आई, यांना घरात घेत नाहीत का?"

शोनब्रुन राजवाड्यात 1441 खोल्या आहेत. हे मी महिनाभर आधी वाचून ठेवलं होतं, मारिया तेरेसाची गोष्टही घोकली होती. पण थोरली वाटेतल्या पिण्याच्या पाण्याच्या नळाशीच अडकली. एक घोट, मग दुसरा, मग मनगटं, मग कोपरं. "आई, हे गार आहे!" आता हिला काय सांगणार? आमच्याकडे समुद्राचं खारं पाणी गोडं करतात, ते गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळातून चहाला आधण म्हणून बाहेर येतं. मग आम्ही गिझर बंद करून त्यातलंच पाणी 'गार' म्हणून अंगावर घेतो. व्हिएन्नाचं पाणी मात्र 1873पासून आल्प्सच्या झऱ्यांवरून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावरून येतं. "डोंगरातून चालत आलंय," मी म्हटलं. तिनं नळाकडे असं पाहिलं, जणू दारात दमलेला पाहुणा उभा आहे. राजवाडा आम्ही पाहिला तो धाकट्याच्या 'शू आली'च्या वेगानं. सम्राज्ञीच्या दालनांपेक्षा मला आता तिथलं स्वच्छतागृह अधिक आठवतं.

संध्याकाळी डॅन्यूबच्या काठी गेलो. योहान श्ट्राउसनं 1867मध्ये तिला निळी ठरवून टाकलं खरं, पण आम्हाला ती मुगाच्या कढणाच्या रंगाची दिसली. थोरली बराच वेळ गप्प होती. आम्ही पुण्याला जातो ते डिसेंबरात, तेव्हा नदी म्हणजे तिच्या लेखी मुठा: मधून पाण्याची एक रेघ आणि कडेला, पात्रातच, ओळीनं लावलेल्या गाड्या. शेवटी तिनं काळजीनं विचारलं, "बाबा, मग इथे गाड्या कुठे लावतात?" बाबा हसले. मला मात्र वाईचा घाट आठवला आणि आजीच्या देव्हाऱ्यातला काशीहून आलेला गंगेचा गडू. तांब्याचा, तोंड डाख देऊन बंद केलेला. तो कुणी कधी उघडायचा नाही. आम्ही नातवंडं दुपारी आजीचा डोळा लागला, की तो कानाशी धरून हलवायचो. आत एवढीशी गंगा डुचमळायची.

परतताना विमानतळावर थोरलीच्या पाठपिशवीतून पाण्याची बाटली निघाली. काठोकाठ भरलेली. हॉटेलच्या नळाचं पाणी, सालमियाला न्यायचं म्हणून. तपासणीवाल्या काकांनी खुणेनंच सांगितलं: ओता किंवा प्या. ओतणं तिला पटेना. मग रांग खोळंबलेली असताना दोघं बहीणभाऊ बाजूला उभी राहून आळीपाळीनं ती बाटली प्यायली, तीर्थ घ्यावं तशी, हनुवटीवरचा थेंबही पुसून न टाकता. काका घड्याळाकडे न पाहता थांबले. विमानात मग दर वीस मिनिटांनी कोण कुठे जात होतं, ते सांगायला नको.

कुवेतला दारं उघडली आणि रात्री अकराची गरम झुळूक तोंडावर आली. "आलं घर!" धाकटा अर्धवट झोपेत म्हणाला. सकाळी पाहिलं तर देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी, ती रिकामी बाटली उभी होती. झाकण घट्ट लावलेलं. घरात कुणी उठलेलं नव्हतं, म्हणून मी ती जरा कानाशी धरून हलवली.