शहाण्यांना गाता येत नाही

लढाईला जाताना गाणे म्हणणे हा माणसाने आजवर केलेला सर्वांत थोर वेडेपणा आहे, आणि त्याची बाजू कुणीतरी एकदा रीतसर मांडायला हवी. समर्थ रामदास आमच्या मराठवाड्यातले, जांबचे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी मूर्खांच्या लक्षणांना एक अख्खा समास दिला, पुढे पढतमूर्खांना आणखी एक. दोघांच्या बोलण्यात तिसरा जाऊन बसतो, त्यालासुद्धा त्यांनी सोडले नाही. पण समोर तोफा लागलेल्या असताना डफ वाजवत पुढे जाणारा माणूस त्या यादीत नाही. समर्थांच्या नजरेतून तो सुटला असेल असे मला वाटत नाही. त्यांनी त्याला जाणूनबुजून वगळला, असे मी धरून चालतो.

हिशेबाने पाहिले तर या गोष्टीत तोटाच तोटा आहे. गाण्याने आपण कुठे आहोत ते शत्रूला कळते. जो दम पळायला किंवा चढायला हवा तो सुरात खर्च होतो. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात वाद्यात गुंतलेले असतात, म्हणजे पलटणीतला एक माणूस मुळातच निःशस्त्र. एवढे सगळे ठाऊक असूनही पोवाडा म्हणणारे शाहीर, नगारा बडवणारे नगारची आणि बिगुल फुंकणारी पोरे सैन्याबरोबर गेलीच. पदरी शहाणी माणसे असलेल्या राजांनीही त्यांना घरी बसवले नाही. अफझलखान वधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाला सोन्याचा तोडा आणि घोडा बक्षीस मिळाला, असे सांगतात. तलवार न उचललेल्या माणसाला घोडा! मला हा निवाडा बरोबर वाटतो.

6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या. त्यांत बिल मिलिन नावाचा एक बॅगपाइपवाला होता. आघाडीवर पाइप वाजवायला ब्रिटिश युद्धखात्याची मनाई होती, तरी त्याचे सेनानी लॉर्ड लोव्हॅट यांनी त्याला वाजवायला सांगितले. गोळ्या सुटत होत्या, आजूबाजूला माणसे पडत होती, आणि हा पाइप वाजवत वाळूत येरझाऱ्या घालत होता. पुढे पकडलेल्या जर्मन नेमबाजांनी त्याच्यावर गोळी का झाडली नाही ते सांगितले. तो वेडा आहे असे त्यांना वाटले होते. त्या सकाळी त्या किनाऱ्यावर शहाण्यांना हे संरक्षण नव्हते.

पण इतक्या लांब जायचे कारण नाही. धर्माबादहून नांदेडकडे निघालेली गाडी उमरीला थांबते. 30 जानेवारी 1948 रोजी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, निजामाविरुद्ध लढणाऱ्या, सरहद्दीवरच्या कॅम्पातल्या तरुणांनी या उमरीतली बँक लुटली, आणि निजामाच्या राज्याला हादरा बसला. बंदुकांची ही गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. तिच्या जवळजवळ दहा वर्षे आधी घडलेली गाण्याची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते, आणि मला तीच मोठी वाटते.

हैदराबाद संस्थानात शाळाशाळांतून निजामाच्या दीर्घायुष्याची प्रार्थना म्हटली जाई. मुले ती म्हणत, कारण म्हणावी लागे. 1938 साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या मुलांनी वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी बंदी घातली. मुले म्हणत राहिली. शेकडो मुलांची नावे पटावरून उतरवली गेली.

त्या काळी कॉलेजात पोचलेला मराठवाड्याचा मुलगा म्हणजे काय, ते आज ध्यानात येणार नाही. गावात एखादाच असायचा. त्याच्या फीसाठी बापाने जमीन गहाण टाकलेली असायची, नाहीतर थोरल्या भावाची शाळा सोडवलेली असायची. तो शिकला की तालुक्याच्या कचेरीत लागणार आणि घर वर येणार, एवढ्यावर अख्ख्या कुटुंबाची भिस्त. गाणे सोडले असते तर शिक्षण चालू राहिले असते. गाणे आज म्हटले काय आणि चार वर्षांनी पदवी घेऊन म्हटले काय, काय फरक पडणार होता? घरच्या वडीलधाऱ्यांनी हे विचारले असेलच, आणि त्यांच्या प्रश्नात तसूभरही चूक नव्हती. मुलांकडे त्याला उत्तर नव्हते. त्यांनी वळकट्या बांधल्या आणि ती बाहेर पडली. नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले. त्या मुलांत पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते.

याच लढ्यात रामचंद्र राव नावाच्या एका आर्यसमाजी कार्यकर्त्याला तुरुंगात फटक्यांची शिक्षा झाली. प्रत्येक फटक्याला तो त्याच दोन शब्दांचा पुकारा करत राहिला. गप्प बसला असता तर फटके तेवढेच पडले असते, पण निदान दम तरी वाचला असता. लोकांनी ते दोन शब्द त्याच्या नावाच्या आधी लावले, आणि जन्मभर तो वंदेमातरम् रामचंद्र राव म्हणूनच ओळखला गेला.

माझे म्हणणे एवढेच आहे. हुकमाने म्हटलेले गाणे आणि मनाई असताना म्हटलेले गाणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. निजामाची प्रार्थना रोज हजारो गळ्यांतून निघत होती. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजाम शरण आला, तेव्हा ती प्रार्थना त्याच्या कामी आली नाही. ज्या गाण्याने मुलांचे शिक्षण बुडवले ते मात्र टिकले.

गाणे म्हणणारा नेहमी न्यायाच्या बाजूचा असतो असे मी म्हणणार नाही. निजामाच्या बाजूने लढणारे रझाकारही ओळीने कवायत करत, तेही घोषणा देत. गाण्याला बाजू कळत नाही. फ्रान्सचे ‘ला मार्सेयेझ’ 1792 साली रूझे द लील या कॅप्टनने स्ट्रासबूर्गला एका रात्रीत रचले. वर्ष-दोन वर्षांत त्याच क्रांतीने त्याला तुरुंगात टाकले, आणि बाहेर लोक त्याचेच गाणे म्हणत होते. ज्याला आपल्या गाण्यातून काहीतरी पदरात पडेल अशी आशा असते, त्याने ही गोष्ट वाचून वेळीच थांबावे. जो तरीही थांबणार नाही, त्याच्यासाठीच मी हे लिहितो आहे.

अण्णा भाऊ साठे असेच न थांबणारे. वाटेगावचे. शाळा म्हणाल तर नावाला. घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कष्टकऱ्यांत वाढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या माणसाने पोवाडा रचला तो स्टालिनग्राडचा! व्होल्गा नदी पाहिलेली नाही, रशियन भाषा येत नाही, आणि उद्याच्या भाकरीची खात्री नाही. डफ, तुणतुणे आणि झांज घेऊन गिरणगावातल्या मजुरांना हा माणूस हजारो मैलांवरच्या एका शहराची लढाई सांगत होता, आणि मागचे झीलकरी ‘जी जी’ करत होते. मजूर दिवसभराचे थकलेले, तरी उठून जात नव्हते. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. सरकारने पुढे त्यावर बंदी घातली. डफाच्या कातड्याला राज्यकर्ते भितात याचा आणखी पुरावा कशाला हवा?

आझाद हिंद सेनेच्या ‘कदम कदम बढ़ाए जा’चीही तीच तऱ्हा. वंशीधर शुक्लांचे शब्द, कॅप्टन रामसिंग ठाकुरींची चाल. ज्या सेनेसाठी ते बांधले ती सेना लढाई हरली. इंग्रजांनी गाण्यावर बंदी घातली. आज तीच चाल भारतीय सैन्याच्या संचलनात वाजते, आणि ज्यांनी बंदी घातली त्यांचे सैन्य कधीच बोटीत बसून गेले. हरलेल्या सेनेचे गाणे जिंकलेल्या देशाने उचलले. शहाणपणाच्या कुठल्याही पुस्तकात हा व्यवहार बसत नाही.

या वेडाचे देखणे रूप पाहायचे असेल तर होळीच्या दिवसांत नांदेडला यावे. सचखंड गुरुद्वाऱ्यातून हल्ल्याची मिरवणूक निघते. पुढे निशाण, सजवलेले घोडे, नगारा, आणि निळ्या पोशाखातले निहंग. मिरवणूक ठरलेल्या चौकात येते. क्षणभर सगळे दबा धरल्यासारखे थांबतात, मग आरोळी उठते आणि नंगी तलवार हातात घेऊन शेकडो माणसे जिवाच्या आकांताने धावत सुटतात. समोर शत्रू कुणीच नसतो. मोकळा रस्ता, दोन्हीकडे गच्च्यांवर उभे असलेले लोक, आणि नगाऱ्याचा ठोका. म्हातारेही धावतात. दाढी पांढरी झालेला एखादा माणूस मध्येच थांबून, गुडघ्यावर हात टेकून दम घेतो आणि पुन्हा तलवार उचलून धावतो. गुरू गोविंदसिंगजी 1708 साली इथे समाधिस्थ झाले. तीनशे वर्षांत या धावण्याने कुठला किल्ला घेतला नाही, आणि कुणी त्याचा हिशेबही मागितला नाही.

धर्माबादचे वेड एवढे देखणे नाही, पण जातीचे तेच. 26 जानेवारीला प्रभातफेरी निघते तेव्हा मोंढ्यात मिरचीचा हंगाम सुरू झालेला असतो. लाल मिरचीच्या राशी, भरलेली पोती, कांडप गिरण्यांचा खाट. त्या खाटात पोरांची रांग शिरते. सर्वांत पुढे ड्रमवाला, सहावीतला, ड्रम त्याच्या पोटापेक्षा मोठा, पट्टा खांद्यावरून घसरतोय. पहिली ओळ खणखणीत जाते. दुसरीला पहिली शिंक येते, मग रांगभर ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येते, आणि गुरुजी स्वतः तोंडाला रुमाल लावून हाताने ‘चालू ठेवा’ अशी खूण करतात. पोरे चालू ठेवतात. त्यांतली किती तरी घरी तेलुगू बोलतात, कारण गावाच्या वेशीपलीकडे तेलंगण आहे. गाणे मराठी, घर तेलुगू, घोषणा हिंदी, ठसका सर्वांचा एक. हमाल पोती खाली ठेवून उभे राहतात. बिनपगारी, बिनकामाचे, बेसूर गाणे म्हणत मिरचीच्या धुरळ्यातून चालत जाणाऱ्या या पोरांना मी पलटणच म्हणतो.

याच वेडाने 24 फेब्रुवारी 1674 ला नेसरीच्या खिंडीत मराठ्यांचे सेनापती प्रतापराव गुजर सहा स्वारांना घेऊन बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. सगळेच्या सगळे पडले. लष्करी शिक्षणात या निर्णयाला पास होण्याइतकेही गुण मिळणार नाहीत. त्यांच्यावर कुसुमाग्रजांनी कविता लिहिली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिली, लताबाईंनी गायली. कुसुमाग्रजांनी त्यांना वेडे म्हटले, तेही गौरवाने. महाराष्ट्रातल्या जिंकलेल्या कित्येक लढायांना असे गाणे मिळाले नाही.

अलीकडे मला एकच गोष्ट खटकते. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजारोहण झाले की कर्णा लावून तयार गाणे वाजवतात. आवाज मोठा, सूर चोख, आणि मुले रांगेत तोंड मिटून उभी. मधे कुणी ठसकत नाही, कुणाची ओळ चुकत नाही. हे निजामाच्या प्रार्थनेपेक्षाही वाईट आहे, कारण तिथे निदान गळे तरी मुलांचे होते.

धर्माबादच्या, उमरीच्या, बिलोलीच्या मुख्याध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या सतरा सप्टेंबरला कर्ण्याची वायर काढून ठेवा. ज्या पोराचा आवाज फुटलाय त्याला पुढे उभे करा, ज्या मुलीला ठेका सापडत नाही तिच्या हातात झांज द्या, आणि त्यांना गाऊ द्या. बेसूर झाले तर होऊ द्या. रस्त्याने जाणारे हसतील, त्यांनाही बरोबर घ्या.