त्या एकटीसाठी थांबणारी गाडी

कपडे वाळत घालून झाले की जरा कुंपणापाशी या हो वहिनी. भाऊजींनी काल कॉलनीच्या ग्रुपवर तो जपानचा मेसेज पुन्हा टाकलाय. एकाच शाळकरी मुलीसाठी चालू ठेवलेलं स्टेशन!

"मला तर बाई डोळ्यांत पाणीच आलं. केवढी माया त्या रेल्वेची!"

पाणी येऊ द्या, पण पुढचं ऐका. 2016 च्या जानेवारीपासून जगभर फिरतोय तो मेसेज, आणि त्यात स्टेशनच चुकलंय. मेसेजात आहे कामी-शिराताकी. मुलगी चढायची क्यू-शिराताकीला. जपानच्या उत्तरेकडच्या बर्फाळ होक्काइदो बेटावर एन्गारू म्हणून गाव आहे, तिथून जाणाऱ्या सेकिहोकू लाइनवर एकापाठोपाठ चार शिराताकी होती: कामी, नुसतं शिराताकी, क्यू आणि शिमो. आपल्याकडे बुद्रुक-खुर्द असतं ना, तसलाच प्रकार. लांबून बघणाऱ्याचा घोळ होणारच.

"मग दिवसातून दोनदाच गाडी थांबायची, ते तरी खरं?"

ते कामी-शिराताकीचं खरं. सकाळी 7.04 ला एक, संध्याकाळी 17.08 ला दुसरी, बस्स. क्यू-शिराताकीला परतीच्या एकाहून जास्त गाड्या होत्या. आणि मला सांगा, रूळ मेन लाइनचे, एक्स्प्रेस त्याच रुळांवरून धावतात, पॅसेंजरही रोजचीच. पोरगी नसती तरी ती पॅसेंजर गेलीच असती की! वाटेत मिनिटभर थांबायची, एवढंच. तिच्यासाठी वेगळी गाडी कोणी सोडत नव्हतं.

"पण तिची शाळा संपली आणि स्टेशन बंद झालं, हे कसं?"

जपानात शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं. रेल्वेचं नवं टाइमटेबलही मार्चमध्येच येतं. तिथली रेल्वे कंपनी जेआर होक्काइदो, तिने त्या वेळी आठ स्टेशनं एकदम बंद केली, त्यात कामी, क्यू आणि शिमो ही तीन. कारण एकच, चढायला माणसं नाहीत. तारीख 26 मार्च 2016. आणि गंमत बघा, त्याच दिवशी त्याच कंपनीने होक्काइदोची पहिली शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, थाटामाटात सुरू केली! आपण मेले त्या मुलीवरून रडत बसलो, ह्या योगायोगाकडे कोणी बघितलंच नाही.

"अगंबाई! पण मुळात एवढ्या बर्फात राहायला गेलं कोण?"

ती खरी गोष्ट, ती कोणी फॉरवर्ड करत नाही. 1912 साली वाकायामाकडची पन्नासेक कुटुंबं जमीन कसायला तिथे गेली. त्यांचा म्होरक्या कोण, माहितेय? मोरिहेइ उएशिबा. पुढे आयकिदो ही युद्धकला काढली ना, तेच! तेव्हा तिथे रेल्वेचा पत्ता नव्हता. शिराताकीपर्यंत गाडी आली 1929 ला, आणि किटामी घाटाखालचा चार किलोमीटरांहून लांब बोगदा झाला तेव्हा, 1932 मध्ये, लाइन पलीकडे जोडली गेली. क्यू-शिराताकीचा थांबा तर 1947 चा. चाळीस वर्षं त्याला धड स्टेशनाचा दर्जाही नव्हता. 1987 ला सरकारी रेल्वेचे तुकडे करून खासगी कंपन्या केल्या, तेव्हा तो मिळाला. पण तोवर तरुण पोरं शहराकडे निघाली होती आणि उरलेल्यांच्या दारात मोटारी आल्या होत्या.

"म्हणजे मेसेज खोटाच म्हणायचा."

अगदीच खोटा नाही. मुलगी होती, गाडी होती, बर्फही होता. फक्त रेल्वेला उगाच संत केलं. तोट्यातली कंपनी ती, तिने हिशेबच केला. मला विचाराल तर त्या बिचारीला एकटीनेच चढावं लागत होतं, रडण्यासारखं काही असेल तर ते हे.

"आता तिथे काय आहे हो?"

शिराताकी स्टेशन आहे अजून. पण त्याच्या अलीकडे, कामिकावा स्टेशनापर्यंत उरलेल्या स्टेशनांपैकी कामीच्या आधीची 2001 लाच गेली होती, कामी गेलं 2016 ला. आता कामिकावाहून निघालेली गाडी थेट शिराताकीलाच थांबते. मधलं अंतर 37.3 किलोमीटर. जेआरच्या साध्या लाइनींवर दोन स्टेशनांत एवढं अंतर दुसरीकडे कुठेही नाही.