सदतीस टक्के

लिफ्टमध्ये मी नुसतं ‘काय, कसं काय?’ एवढंच विचारलं होतं.

‘सदतीस टक्के,’ खजिनदार म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला. आमच्या सोसायटीत मेंटेनन्स दहा तारखेच्या आत भरला नाही की वर्षाला २१ टक्के सरळ व्याज लागतं. उपविधींत त्याहून जास्त घेता येत नाही, नाहीतर या गृहस्थांनी घेतलंही असतं. मला वाटलं, नियम बदलला. पण चेहरा वसुलीचा नव्हता. नव्या बापाच्या तोंडावर असतं तसलं हसू होतं, आणि डाव्या हाताची बोटं ते माझ्या नाकासमोर नाचवत होते. ‘हात लावून बघा. घट्टे पडलेत!’ मी लावला. पडले होते. दुसरा मजला येईपर्यंत कळलं ते असं, की खजिनदार गिटार शिकताहेत. समोर मास्तर नाही, वर्ग नाही, वेळ नाही. मोबाइलवरचा कोर्स. ‘आपल्या गतीने!’

मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. ते तिसऱ्या. बरोबर डोक्यावर.

हा प्राणी तुमच्याही इमारतीत असणार. वय चोपन्न, गृहकर्ज फिटलेलं, मुलगी बंगळुरूला, आणि रविवार दुपार अचानक फार लांबलचक झालेली. मग कोणी सायकल घेतो आणि डोंबिवलीच्या खड्ड्यांतून कल्याणला जाऊन वडापाव खाऊन रिक्षाने परत येतो. कोणी गच्चीवर दुर्बीण लावतो. आमच्या वाट्याला गिटार आली.

कोर्स दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला, लाइफटाइम ॲक्सेससकट. ‘लाइफ कोणाचं? तुमचं की त्या कंपनीचं?’ या माझ्या प्रश्नाला अजून उत्तर आलेलं नाही. धडे १०८, जपमाळेच्या मण्यांइतके. पहिले चाळीस त्यांनी नाताळच्या आत उरकले. एकेचाळिसाव्या धड्यात एफ नावाची कॉर्ड आली, आणि चाळीस भागिले एकशे आठ हा आकडा जो गोठला तो गोठलाच. संक्रांतीला तिळगूळ देताना सदतीस. पाडव्याला सदतीस. आषाढीच्या साबुदाण्याच्या खिचडीबरोबर सदतीस. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला आले, खाली मान घालून बसले, आणि उठताना मी सवयीने ‘बाकी?’ म्हटलं तर अत्यंत दुःखी आवाजात म्हणाले, ‘सदतीसच.’

एफ म्हणजे काय, हे आमच्या मजल्यावर आता दूधवाल्यालाही ठाऊक आहे. तर्जनी पहिल्या पडद्यावर सहाही तारांवर आडवी झोपवायची आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढे जाऊन आपापली कामं करायची. घरातला मोठा माणूस आडवा झाल्यावर बाकीच्यांनी राबायचं ही आपल्याकडची जुनीच पद्धत, पण गिटारवर ती जमायला जड जाते. हाच हात तसाच पाचव्या पडद्यावर नेला की त्याची ए कॉर्ड होते आणि तारा निमूट दबतात. पहिल्या पडद्याशी मात्र तारा जिथे टेकतात ती पट्टी लगेच शेजारी, त्यामुळे त्या नाठाळ. सहा तारा झंकारायच्या ऐवजी आवाज येतो ‘ढप्’.

म्हणजे होतं असं, की वरून एखादं गाणं छान सुरू होतं. जी, सी, डी, पुन्हा जी. सौभाग्यवती पोळ्या लाटता लाटता गुणगुणू लागते. मग एकदम शांतता. वर एक माणूस एकेक बोट उचलून जागेवर ठेवतो आहे, हे आम्हाला न बघता दिसतं. लाटणं थांबतं. ढप्. मग गाणं पुढे, लाटणं पुढे. आमच्याकडे आता कुकरचं झाकण पडलं तरी मुलगा आतून ओरडतो, ‘एफ!’

खजिनदारांनी यावरून समस्त संगीताची नवी वर्गवारी केली आहे: एफची गाणी आणि बिनएफाची गाणी. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला माणूस लग्नात विचारतो ना, तसं ते कोणी गाणं सुचवलं की आधी ‘एफ नाही ना त्यात?’ विचारतात. ‘चुरा लिया है तुमने’ची गिटार भूपिंदर सिंगांनी वाजवलेली आहे आणि ‘यादों की बारात’ १९७३चा, हे त्यांनी मला निदान अकरा वेळा सांगितलं असेल. स्वतः वाजवून एकदाही दाखवलेलं नाही.

यावर उपाय आहे. कॅपो नावाची एक चिमटी मिळते. ती गिटारच्या गळ्याला लावली की सोप्या कॉर्ड वापरून एफ चुकवता येतो. मी मोठ्या आशेने भेट दिली. खजिनदारांनी ती दोन बोटांत धरून बघितली आणि परत केली. ते बँकेत कर्जवसुलीला आहेत. ‘हे रिस्ट्रक्चरिंग झालं,’ म्हणाले. ‘मला पूर्ण वसुली हवी.’

मेमध्ये त्यांचं पिक हरवलं. तारा छेडायचा तो प्लास्टिकचा तुकडा. ते इंटरकॉमवरून वॉचमनला म्हणाले, ‘पिक गेलं रे माझं, खाली पडलंय का बघ.’ वॉचमन जालन्याचा. तो हातातलं काम टाकून वर आला आणि विचारू लागला, ‘साहेब, गारपीट झाली का? किती एकर?’ शेवटी पिक गिटारच्या पोटात सापडलं. ते बाहेर काढायला खजिनदार गिटार उलटी धरून मातीचा गल्ला हलवावा तशी हलवत होते, आणि ते दृश्य त्यांच्या पदाला फारच शोभून दिसत होतं.

गणपतीत मात्र कहर झाला. ‘आरतीला साथ करतो, बिनएफाची बसवली आहे,’ म्हणाले. पण कोर्समध्ये मेट्रोनोमला मिनिटाला साठ ठोके होते, आणि आमच्या सोसायटीची आरती म्हणजे कसाऱ्याची फास्ट लोकल. पहिल्या ओळीलाच दोघांची ताटातूट झाली. आरत्या संपल्या, मंत्रपुष्पांजली झाली, खिरापत वाटून झाली, आणि खजिनदार डोळे मिटून दुसऱ्या कडव्यात होते. कोणीतरी त्यांच्या मांडीवर मोदक ठेवला. कार्यक्रमानंतर मी विचारलं, ‘मेंटेनन्सही असाच आपल्या गतीने भरला तर चालेल का?’ तर म्हणाले, ‘दहा तारीख.’

वहिनी सोशिक आहेत. ‘भावजी, तुमच्याकडे निदान मधे स्लॅब आहे,’ एवढंच त्या म्हणतात.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी दोन तास वीज गेली. लिफ्ट बंद, घरात उकाडा, म्हणून मी जिन्यात येऊन बसलो, तर वरच्या पायरीवर खजिनदार गिटार घेऊन बसलेले. वाजवत नव्हते. मांडीवर नुसती आडवी होती. अंधारात माणसं न विचारता बोलतात.

‘कयामत से कयामत तक’ आला १९८८ साली, तेव्हा हे अकरावीत. त्या वर्षी गॅदरिंगला वर्गातल्या एकाने आमिर खानसारखी गिटार आणली होती. त्याला चहाला जायचं होतं म्हणून ती यांच्या हातात दिली. तो परत येईपर्यंत यांनी धरली. वाजवली नाही, तार तुटली तर, म्हणून. घरी वडिलांकडे विषय काढला. वडील रागावले नाहीत. ‘आधी बारावी होऊ दे,’ म्हणाले. मग आधी बी.कॉम., आधी बँकेची परीक्षा, आधी धाकट्या बहिणीचं लग्न. हे सगळं ते ताळेबंद वाचावा तसं सांगत होते, नोंद पुढे ओढल्याच्या सुरात.

मी म्हटलं, ‘अहो, मग तो एफ सोडून द्या ना! कोर्स पुढे जाऊ देतो की.’

‘देतो. रोज विचारतो, पुढे जायचं का?’ ते म्हणाले. ‘मीच जात नाही. तीस वर्षं मी लोकांना फोन करून तारखा विचारतोय. इथं मला कोणी विचारत नाही.’

मला यावर काही सुचलं नाही. तेवढ्यात वीज आली, आणि उजेडात ते पुन्हा आमचे खजिनदार दिसू लागले. ‘तुमचा ऑक्टोबरचा राहिलाय,’ म्हणाले.

मी तो बारा तारखेला भरला. दोन दिवसांचं व्याज लागलं, चार रुपये. पावतीसकट.

परवा रविवारी वरून गाणं सुरू झालं. जी, सी, डी. बायको पोळ्या लाटत होती. एफची जागा आली तसं लाटणं थांबलं. पण वरची गिटार थांबली नाही. सहाच्या सहा तारा स्वच्छ वाजल्या आणि गाणं सरळ पुढे निघून गेलं. बायको तालातून पडली. पोळी वाकडी झाली. आम्ही दोघांनी वर स्लॅबकडे बघितलं. मुलगा आतल्या खोलीतून येऊन दारात उभा राहिला.

दुसऱ्या कडव्याला पुन्हा ढप्.

‘हं,’ बायको म्हणाली, आणि तिने पुढची पोळी लाटायला घेतली.