बुटीबोरीत बसून विश्व फुगवा

भाऊ, नाइट शिफ्टवरून आलात, तर्री-पोहे झाले, की बसा. पेन्सिल हवी आणि खोडरबर मोठं हवं. प्रयोगशाळेची काळजी नको. विश्व फुगवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या जवळपास जिनिव्हाचं कण आदळणारं यंत्रही पोचत नाही. म्हणजे तिथले शास्त्रज्ञ आणि बुटीबोरी एमआयडीसी एकाच रांगेत.

एक क्षेत्र घ्या, नाव ठेवा फाय. त्याला ऊर्जेचा उतार द्या, पण वर्धा रोडसारखा जवळजवळ सपाट. फाय सावकाश घरंगळत असताना विश्व निदान एकावर सव्वीस शून्यं इतके पट फुगलं पाहिजे. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गुथने 1981 साली आरंभीच्या विश्वाच्या फुगवट्याची कल्पना मांडली, मग सपाट उताराची युक्ती आली. इथवर कोणालाही जमतं.

आता सुपरग्रॅव्हिटी, म्हणजे गुरुत्वाकर्षण अधिक अतिसममिती, घाला. इथे नवशिके रडतात. सूत्रात ऊर्जेच्या पुढे ई-चा के-घात ठाण मांडून बसलेला असतो. के हे फायचं फलन, तुम्हीच निवडायचं. त्याजागी सगळ्यात साधा फायचा वर्ग लिहिलात, की ऊर्जेला 'एक अधिक फायचा वर्ग' असा गुणक चिकटतो. उताराची वक्रता सांगणारा ईटा 0.01 च्या आसपास हवा होता, तो थेट 1 होतो. रस्त्याचा घाट झाला. फुगवटा सुरू होताच आटोपला. उपाय 2000 साली कावासाकी, यामागुची आणि यानागिदा यांनी दिला: के असा निवडा की फायचा एक भाग त्यात येतच नाही. का, असं कोणी विचारलं तर 'सममिती' म्हणा आणि चेहरा गंभीर ठेवा.

हिंमत उरली असेल तर स्ट्रिंग थिअरी. दहा मिती, त्यातल्या सहा गुंडाळलेल्या. त्यांचे आकारही क्षेत्रंच, म्हणून तीही घरंगळतात. तुम्ही फायकडे बघताय तोवर मिती पसरून मोकळ्या. त्यांना खिळे ठोकण्याची कृती 2003 ची, 'केकेएलटी', चार लेखकांची आद्याक्षरं. त्यातला 'टी' म्हणजे मुंबईच्या टीआयएफआरचे संदीप त्रिवेदी. शेवटी ऊर्जा ऋण येते, ती वर उचलायला एक प्रति-ब्रेन ठेवायचा, म्हणजे ब्रेन नावाच्या पडद्यासारख्या वस्तूचा उलट्या भाराचा जुळा. (ही पायरी मला कायम जुगाडच वाटत आली आहे, 2018 मध्ये कम्रुन वाफा आणि सहकाऱ्यांनी तर असं धन ऊर्जेचं विश्व स्ट्रिंग थिअरीत बसतच नसावं, असं सुचवलं.) त्याच चौघांनी माल्दासेना आणि मॅकॲलिस्टर यांना घेऊन 2003 मध्येच ब्रेन घरंगळवून फुगवटा आणायचा घाट घातला, तर मितींना ठोकलेल्या खिळ्यांमुळेच ईटा पुन्हा 1 च्या घरात!

मग पडताळणी. प्लँक उपग्रहाच्या मोजणीत आदिम चढउतारांच्या वर्णपटाचा कल 0.965 च्या आसपास आहे. गुरुत्वलहरींचा वाटा, आर, 0.036 च्या खाली हवा. तुमचा 0.05 आला तर के बदला. 0.001 आला तर बिनधास्त पेपर पाठवा, तेवढं बारीक मोजणारी दुर्बीण सध्या कोणाकडेच नाही.