दाजी गिटार करतात

दाजींना गिटार वाजवता येत नाही. ऐकायलाही फारशी आवडत नाही. वरातीत बँजो सुरू झाला की सगळी पोरं नाचतात आणि दाजी मागच्या जनरेटरपाशी उभे राहून "टॅपेट सेटिंग गेलंय" म्हणून हळहळतात. कोल्हापुरात इंजिनांच्या कारखान्यात, टूलरूममध्ये उभा जन्म गेला. निवृत्तीच्या सत्कारात मिळालेलं घड्याळ त्यांनी त्याच संध्याकाळी उघडलं. ते अजून उघडंच आहे.

अशा माणसाच्या पोरानं कॉलेजात असताना गिटार मागितली. दाजी दुकानात गेले, गिटारीच्या भोकातून आत डोकावले, पाठीवर टिचकी मारली, किंमत वाचली आणि म्हणाले, "ह्यात हाय काय? फळकुटं आणि सहा तारा. घरी करू." भाच्याचा चेहरा तेव्हाच पडला. बापाला तो लहानपणापासून ओळखतो.

ही जात गावोगाव असते. चहा टाका म्हटलं की आधी स्टोव्हची पिन घडवायला बसणारी. गिटार करायची तर लाकूड पातळ हवं हे दाजींना पहिल्याच दिवशी समजलं, आणि मला वाटतं, गिटार तिथंच मागे पडली. वरची फळी अडीच ते तीन मिलिमीटर, कडेच्या पट्ट्या जेमतेम दोन. म्हणजे सगळं काम एका सुताच्या आतलं. लाकडाच्या रेषा उलटसुलट असल्या की रंध्यानं ढलपा निघतो आणि फळी वाया जाते. म्हणून पॉलिश पेपर. हातानं घासलं तर एकसारखं होत नाही. म्हणून मोटर. "म्हणून" हा शब्द दाजींच्या तोंडी आला की ताई पर्समधले पैसे मोजते.

घासायचं मशिन करण्याआधी मी त्यांना मिरजेला नेलं, म्हटलं हात चालवणारी माणसं बघून तरी उतारा पडेल. तिथली सतार-तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगारांची. हत्यारांना पाणी देणारे हात एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका म्हाताऱ्या कारागिराला दाजींनी विचारलं, "तबलीची जाडी किती ठेवता?" त्यानं अंगठ्यानं ठोकलं, कान लावला आणि म्हणाला, "एवढी." परतीच्या एसटीत दाजी बराच वेळ गप्प होते. अंकली आल्यावर म्हणाले, "माणूस गुणी हाय. पण गेज न्हाई."

मग उद्यमनगरच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी वॉशिंग मशिनची मोटर लावून झाली (वॉशिंग मशिन चालू होतं, हे नंतर कळलं), मग एक एचपीची, 1440 आरपीएमची आली. वीस एमएमचा शाफ्ट, दोन्ही टोकांना बेअरिंग, शाफ्टवर प्लायवूडच्या चकत्या डिंकानं एकमेकींना चिकटवून केलेला रूळ. रूळ गोल आहे की नाही ते बघायला लेथवर नेण्याची गरज नसते. खालच्या टेबलावर पॉलिश पेपर चिकटवलेली फळी सरकवायची आणि फिरता रूळ तिच्यावर घासून घ्यायचा. म्हणजे तो टेबलाला आपोआप समांतर होतो. ही युक्ती खरोखरच देखणी आहे, आणि दाजींनी ती मला, भाच्याला, गॅसवाल्याला आणि एका बारशात बाळाच्या आजोबांना समजावून सांगितली.

टेबल एका बाजूनं बिजागरीवर, दुसऱ्या बाजूनं दहा एमएमच्या बोल्टवर. बोल्टचा एक फेरा म्हणजे दीड मिलिमीटर. रूळ बरोबर मध्यावर, म्हणून तिथं पाऊण. "म्हणजे अर्धपाव फेऱ्याला किती?" त्यांनी जेवताना विचारलं. मी आमटी भुरकली.

पहिल्या दिवशी फळी रुळाच्या फिरण्याच्या उलट दिशेनं सरकवायची, हे सांगून त्यांनी ती नेमकी सुलट सरकवली. रुळानं ती धरली आणि भिरकावली. पलीकडच्या न्हाणीघराच्या पत्र्याला पोचा आला. शिकलगारांनी शस्त्रं सोडून वाद्यं धरली. दाजी त्याच वाटेनं उलटे निघाले होते.

मी एकदा टॉरेसचा दाखला दिला. आजच्या गिटारीचा साचा घडवणारा हा स्पॅनिश कारागीर. नाद वरच्या फळीत असतो हे दाखवायला त्यानं 1862 मध्ये पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या केल्या होत्या. मशिन नव्हतंच. दाजींनी शांतपणे ऐकलं. "बिचारा," ते म्हणाले. "असतं तर पुठ्ठ्यावर वेळ आली नसती."

मग लाकूड. ब्राझीलचं रोजवुड मिळेनासं झालं तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं 1969 मध्ये आपल्याकडच्या शिसवाचा आधार घेतला, हे दाजींनी मोठ्यानं वाचलं आणि नजर माजघरातल्या शिसवी पलंगावर स्थिरावली.

"अहो, त्याच्यावर आत्याबाई गेल्या," ताई म्हणाली.

"म्हणजे चांगला मुरलेला हाय."

पलंग वाचला. जुन्या बाजारातून एका मोडक्या टेबलाची फळी आली. शिसवाचा भुगा जांभळट असतो आणि तो कुठं जाईल याचा नेम नाही. त्या वर्षी गच्चीवर वाळत घातलेले तांदळाचे पापड जांभळे निघाले आणि आळीभर शिंका.

पण त्या दिवशी मशिन चाललं. दाजींनी फळी नऊ ठिकाणी व्हर्नियरनं मोजली. नवांपैकी एका कोपऱ्यात पाच शतांश मिलिमीटर जास्त. दुसऱ्या कुणी तिथंच थांबून पेढे वाटले असते. दाजींनी बोल्ट किंचित फिरवला आणि पुन्हा घातली. आता दुसरा कोपरा. पुन्हा. तीनची पावणेतीन, अडीच, दोन. जसजशी फळी पातळ होई तसतसा त्यांचा चेहरा खुलत होता. दिवेलागणीला ती नऊच्या नऊ ठिकाणी अगदी एकसारखी झाली आणि तिच्यातून पलीकडचा बल्ब दिसायला लागला. "बघा पाव्हणं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. भुगाही असेल.

आळीत बातमी पसरली. पोळपाट आले, चौरंग आले, तालमीतला कॅरम आला. ताईच्या पोळपाटावर आता लाटणं टेकवलं तर खालून उजेड दिसत नाही. तिची तक्रार एवढीच, की पोळी चिकटते.

भाचा पुण्यात नोकरीला लागला, पहिल्या पगारात त्यानं गिटार घेतली. दाजींनी फोनवर तिच्या वरच्या फळीची जाडी विचारली. त्याला सांगता आली नाही.

आता कडा वाकवायच्या आहेत. लोक तापलेल्या लोखंडी पाइपवर अंदाजानं वाकवतात. अंदाज म्हटलं की दाजींना मिरज आठवते. त्यांना तापमान धरून ठेवायला थर्मोस्टॅट हवाय, आणि परवा आमच्याकडे आले तेव्हा चहा हातात घेऊन त्यांनी सहज विचारलं, "पाव्हणं, तुमची इस्त्री किती वर्षांची झाली?" ताईची सध्या कुलूपबंद कपाटात असते. बायकोनं आमचीही तिच्याकडेच ठेवायला दिली.