लाकडी सोवळं

सोवळं संपलं असं समजून आपल्या दोन पिढ्या निर्धास्त होत्या. ते संपलं नव्हतं, व्हिसा काढून न्यू जर्सीला गेलं होतं. एडिसनच्या आसपास ज्या मराठी मंडळींनी घर घेतलंय, त्यांच्याकडे एकदा जाऊन या. देवघर कपड्यांच्या कपाटात असतं. तिथं कुणीही, कधीही, आंघोळ न करता हात घालावा. पण दिवाणखान्यातल्या ओकच्या हार्डवुडवर पाऊल ठेवायचं तर चपला गॅरेजात काढायच्या, तळवे पुसायचे आणि खुर्ची सरकवायची नाही, उचलायची. खुर्चीच्या पायांनासुद्धा नमद्याच्या टिकल्या लावलेल्या असतात. यजमानीणबाईंच्या कपाळावर टिकली नसेल, खुर्चीला चार असतात.

सोवळं आलं की उतरंड आलीच. सगळ्यांत वर ‘सॉलिड’, म्हणजे पाऊण इंच जाडीची अखंड लाकडाची फळी. त्याखाली ‘इंजिनिअर्ड’, म्हणजे वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा आणि पोटात प्लायवुड. त्याखाली ‘लॅमिनेट’, म्हणजे दाबून केलेल्या भुशाच्या पाटीवर छापलेला लाकडाचा फोटो. आणि गावकुसाबाहेर व्हिनाइल, म्हणजे निखळ प्लास्टिक. जेवायला बोलावलेल्या नव्या पाहुण्याला हल्ली गाव, आडनाव कुणी विचारत नाही. ‘तुमच्याकडे सॉलिड की इंजिनिअर्ड?’ असं विचारतात. पाहुणा ‘लॅमिनेट’ म्हणाला की यजमान ‘अरे वा, तेही छानच असतं’ म्हणतात आणि आमटी वाढायला उठतात.

हार्ड म्हणजे किती हार्ड, याचीही परीक्षा आहे. गॅब्रिएल यांका नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थांनी 1906 साली ती काढली. 11.28 मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतवायला किती जोर लागतो, ते मोजायचं. रेड ओकला 1290 पौंड लागतात, हिकरीला 1820. आपलं सागवान, ज्याच्या जिवावर आजोबांनी जन्मभर वाड्याच्या गप्पा मारल्या, ते या परीक्षेत रेड ओकच्याही मागं राहतं. आजोबांना हे सांगू नये. शिवाय यांकासाहेबांनी दिवाळीत चकल्या पाडता पाडता हातातून सुटलेला पितळी सोऱ्या लावून पाहिला नव्हता. त्याचा खळगा कुठल्याच तक्त्यात नाही. तो स्वयंपाकघरातल्या गालिच्याखाली असतो.

या घरात सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आई येतात. पहिल्याच सकाळी त्या सुनेला विचारतात, ‘अगं, बादली कुठंय? नि एखादं जुनं फडकं दे.’ घरात क्षणभर भूकंपाची शांतता. मग मुलगा समजावतो, ‘आई, बादली नाही. ओलं फडकं तर नाहीच. लाकूड पाणी पितं, मग फळीच्या कडा फुगून वर येतात.’ व्हिनेगर नको, वाफेचा मॉप नको, फिनेलचं नाव काढू नको. मायक्रोफायबरचा मॉप घ्यायचा, त्यावर त्या खास बाटलीतले चार फवारे मारायचे आणि लाकडाच्या रेषेरेषेनं फिरवायचा. जमीन पुसायची, पण तिला ते कळता कामा नये. आईंच्या आईनं घर शेणानं सारवलं, माडीच्या फळ्यांवरसुद्धा मातीचा थर घालून वर सारवण केलं. ती माती लाकडाला सांभाळत होती. आता लाकडाला सांभाळायचं म्हणून मातीचा कण दारात अडवतात.

खरं सांगायचं तर त्यात तथ्य आहे. बुटाच्या तळव्याला चिकटून येणारी बारीक वाळू पावलागणिक लाकडावरचं पॉलिश घासते. गंमत अशी, की कारखान्यातून पॉलिश होऊन येणाऱ्या बऱ्याच फळ्यांच्या लेपात ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं आणि पॉलिश पेपरवरही बहुधा तेच असतं. म्हणजे काट्यानं काटा. पण रांगोळी ही शेवटी दगडाचीच पूड, त्यामुळं लक्ष्मीपूजनाला ती पुठ्ठ्यावर काढतात आणि पुठ्ठा टेबलावर ठेवतात. लक्ष्मीची पावलं स्टिकरची असतात. तीही काढताना डाग पडेल म्हणून काचेवर चिकटवलेली. लक्ष्मी खिडकीतून येते.

हिवाळा हे या सोवळ्याचं चातुर्मासाइतकं कडक पर्व. बाहेर बर्फ, आत हीटर. हवा कोरडी पडते, फळ्या आक्रसतात, दोन फळ्यांत नाणं उभं राहील अशी फट पडते. हवेतली आर्द्रता 30 ते 50 टक्क्यांत ठेवा, असं या धंद्यातले जाणकार सांगतात. म्हणून दिवाणखान्यात ह्युमिडिफायर चोवीस तास वाफ सोडत असतो. आतल्या खोलीत आईंचा घसा सुकून कोरडा खोकला लागलाय. ‘अरे, माझ्याही टाचांना भेगा पडल्यात,’ त्या म्हणतात. ‘ते यंत्र रात्रीपुरतं इकडं आणतोस का?’ मुलगा आर्द्रतेचा काटा बघून येतो आणि गरम पाणी प्यायला सांगतो.

एवढं करून काही वर्षांनी शुद्धीकरण ठरलेलंच. फ्लोअरिंगवाला येतो, दक्षिणा आधी ठरवतो. घर रिकामं करायचं, यंत्रानं वरचा थर खरवडायचा, मग पॉलीयुरेथेनचे हात. तेलाचं पॉलीयुरेथेन असेल तर वास डोक्यात जातो आणि ते पुरतं पक्कं व्हायला महिनाभरही लागतो. तोवर गालिचा अंथरायचा नाही. कुटुंब तेवढे दिवस व्हिनाइलवाल्या मित्राकडे. तिथं आई रोज बादलीभर पाण्यानं जमीन पुसतात, मुलं जमिनीवर बसून वरणभात सांडतात, कुणी कुणावर ओरडत नाही. मुलगा मात्र अस्वस्थ. पायाखाली प्लास्टिक आहे, हे त्याला झोपेतही जाणवतं.

आता हा सगळा आटापिटा कुणासाठी, असं आईंनी एकदा विचारलं. ‘अगं, घर विकताना हार्डवुडला भाव येतो,’ मुलगा म्हणाला. आणि परवा खरंच गिऱ्हाईक आलं. पुण्याचंच जोडपं, कडेवर मूल, सोबत कुत्रा. नवऱ्यानं ओणवं होऊन फळीवरून हात फिरवला, बायकोकडं पाहिलं आणि विचारलं, ‘न उखडता यावर व्हिनाइल बसेल ना?’